हळदीच्या गाण्यात उरलेला आवाज

आधीच सांगून ठेवतो, माझा भुताखेतांवर विश्वास नाही. माझा विश्वास अर्थिंगवर आहे. स्पीकरमधून कुणीतरी हुंकारतंय असं वाटलं की लोक अंगारा शोधतात, मी पक्कड शोधतो. वडलांपासून आमचा मंडप आणि साउंडचा धंदा. लग्नं, जत्रा, प्रचार, दहावे... आवाजाच्या बाबतीत जे काही विचित्र घडू शकतं ते सगळं मी ऐकलंय, आणि प्रत्येक वेळी कारण सापडलंय. कुठं सैल पिन, कुठं उंदरानं कुरतडलेली वायर, कुठं कुणाच्या तरी खिशातला मोबाइल. या एकाच गोष्टीचं कारण सापडलं नाही, म्हणून इथं लिहितोय. वाचणाऱ्यांत कुणी साउंडवाले असतील तर त्यांनी नीट वाचावं. बाकीच्यांनी थोडी मशिनरीची बडबड सहन करावी, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

२००७ चा उन्हाळा. आमचं घर नारायणगावात, हायवेपासून जरासं आत. त्या सुमारास मी वरच्या खोलीत छोटा स्टुडिओ उभा केला होता. स्टुडिओ म्हणजे काय, तर एक कॉम्प्युटर, एक बऱ्यापैकी माइक, हेडफोन आणि पुण्यातल्या मित्रानं त्यात घालून दिलेलं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर. रिक्षावर फिरवायच्या जाहिराती, भजनी मंडळांच्या सीडी, असली कामं यायची. गाणाऱ्याला बसायला कोपऱ्यात चारी बाजूंनी दोऱ्या बांधून घरातल्या गोधड्या टांगल्या होत्या. जाड गोधडीइतका आवाज कुणी पीत नाही, हे नव्या मुलांनी लिहून घ्यावं. महागडा फोम आणून भिंतीला डकवतात आणि दाराची फट तशीच ठेवतात! पंखा बंद, खिडकी बंद, टमाट्याचे ट्रक जरा थांबले की रेकॉर्डिंग. माइकपुढं भरतकामाच्या रिंगवर ताणून बसवलेला बायकी मोजा, म्हणजे ‘प’ आणि ‘फ’ म्हणताना फुंकर बसत नाही. तोंड माइकपासून एक वीत. वीज आमच्याकडं दिवसातून निम्मा वेळ नसायची, त्यामुळं दुपारी लाइट आली की कामाला लागायचं.

एका दुपारी आक्का आली. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिला आणे गावात दिलेली, पठारावर. जीपनं बेल्ह्याला, तिथून आळेफाट्याला आणि मग नारायणगावला, अशी घामाघूम होऊन आली. हळदीची गाणी म्हणावीत तर आक्कानंच. चार गावांतून बायका तिला न्यायला यायच्या. पण वर्षभरापासून तिचा आवाज बसत चालला होता. घशात गाठ निघाली होती.

“बाळू,” ती म्हणाली, “डाक्टर म्हनला आपरेशन कर, पन आवाज ऱ्हाईल का जाईल ते सांगता येत न्हाई. पंधरवड्यानं जायचंय. आन् सोनूची हळद त्याच्यानंतर. आख्ख्या जगाच्या पोरींना हळद लावली मी, माझ्या पोरीला कोन गानार रं? तुझ्या डब्यात भरून ठिव माझा आवाज.”

मी म्हटलं, “त्यात काय, आक्का. आत्ता बस.”

सोनू म्हणजे सोनाली, तिची एकुलती एक. सोनूचे वडील, आमचे दाजी, काही वर्षांपूर्वी गेले होते. विहिरीवर मोटार चालू करायला गेले आणि पाय घसरून आत पडले. दाजींबद्दल एक सांगायलाच पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. दाजी मारायचे. आम्हा सगळ्यांना माहीत होतं, कुणी बोलत नव्हतं. आक्का दिवाळीला यायची ती पदर गळ्याभोवती गुंडाळून यायची. ते गेले तेव्हा आक्का रडली, पण वर्षभरात तिच्या अंगावर मांस चढलं. काय समजायचं ते समजा.

आता गाण्याबद्दल. आमच्याकडं हळदीच्या सुरुवातीला बायका आवतण गातात. पहिली हाक लेण्याद्रीच्या गणपतीला, मग भैरवनाथाला, मग कुळातल्या गेलेल्या माणसांना एकेकाला. सगळ्यांना एकच मागणं, हळदीला या. आणि लग्न लागलं की दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच बायका पाठवणी गातात. ज्यांना ज्यांना बोलावलं त्यांना त्याच क्रमानं हात जोडून परत धाडतात. आवतण गायलं आणि पाठवणी गायली नाही, असं कधी होत नाही.

मी पाठवणी घेतली नाही. मला वाटलं, सीडी हळदीला वाजणार, तिथं पाठवणीचं काय काम? आक्कानं एकदा विचारलंही, “ते मागलं नगं का भरायला?” मी म्हटलं, लाइट जायच्या आत आवतण तर होऊ दे. तीही हो म्हणाली.

देवांच्या ओळी झकास आल्या. आवाज थोडा खरखरीत होता, पण त्यात असं काहीतरी होतं की हेडफोन लावून बसलेल्या माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग गेलेल्या माणसांच्या ओळी आल्या. आजोबा, आजी, चुलते. आणि शेवटी नवरीचा बाप. बाप गेलेला असेल तर त्याला बोलवावंच लागतं. आक्का नवऱ्याचं नाव घेत नव्हती, त्यांच्या पिढीत कुणी घेत नाही. म्हणून ओळ अशी होती — “सोनूच्या बापा, हळदीला या.”

तिथं तिचा आवाज तुटला.

मी म्हटलं, पुन्हा. पुन्हा तुटला. गाठीमुळं होतंय असं मला वाटलं. सॉफ्टवेअरमध्ये एक सोय असते, गाण्याचा हवा तेवढा भाग लूपवर टाकायचा. मशीन तीच ओळ फिरवत राहतं, गाणारा गात राहतो, प्रत्येक फेरी वेगळी साठवली जाते, आणि मग आपण त्यातली चांगली निवडायची. फार उपयोगाची गोष्ट आहे, घरी रेकॉर्डिंग करणाऱ्यानं शिकून घ्यावी. मी ती ओळ लूपवर टाकली आणि आक्काला सांगितलं, मी थांब म्हणेपर्यंत म्हणत राहा. “सोनूच्या बापा, हळदीला या. सोनूच्या बापा, हळदीला या.” मधे थोडी जागा, परत तेच. गोधड्यांच्या आत बसून ती माउली म्हणत राहिली, आणि मी बाहेर स्क्रीनवर लेव्हल बघत राहिलो.

बऱ्याच फेऱ्या झाल्यावर मी तिला थांबवलं आणि आतच पाणी दिलं. म्हटलं, बस जरा, मी ऐकून बघतो, परत घ्यावं लागेल.

ऐकताना तिच्या आवाजाच्या मागं काहीतरी होतं.

अगदी बारीक. आधी वाटलं तिच्या हेडफोनमधून गळतंय. पण तिच्या हेडफोनात सुरासाठी लावलेली नुसती पेटी होती. मग वाटलं मी टाकलेल्या रिव्हर्बचा खेळ असेल. रिव्हर्ब म्हणजे घुमारा देणारं प्लगइन. ते भाजीतल्या मिठाएवढंच टाकावं, पण आपल्याकडं लोक खारट केल्याशिवाय सोडत नाहीत. मी रिव्हर्ब काढलं. आवाज दाबून एकसारखा करणारा कॉम्प्रेसर काढला. सगळी प्लगइन्स काढून नुसता कच्चा आवाज ठेवला. तरी ते होतंच.

अशा वेळी आम्ही एक चाचणी करतो. एका ट्रॅकची हुबेहूब कॉपी करायची. कॉपीला ‘इन्व्हर्ट’ करायचं, म्हणजे तिची लाट उलटी करायची. आणि दोन्ही एकत्र वाजवायचे. पाचातून पाच गेले की शून्य, तसं दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात आणि काहीच ऐकू येत नाही. यायलाच नको. मशीन सरळ चालत असेल तर दुसरं काही होऊच शकत नाही, हे गणित आहे. कुणीही घरी करून बघा.

मी लूपची पहिली फेरी घेतली, कॉपी केली, उलटी केली, प्ले दाबलं. आक्काचा आवाज पार नाहीसा झाला.

आणि एक पुरुषी आवाज उरला. लांबून आल्यासारखा.

“आलो.”

मी हेडफोन काढून जिन्याकडं बघितलं. वाटलं, खालून कुणी ओरडलं. खाली फक्त माझी बायको रेखा होती, तिचा कुकर चालू होता. मी परत वाजवलं. परत तेच.

साउंडवाल्यांना कळेल, लांबचा आवाज आणि जवळचा आवाज नुसता लहानमोठा नसतो. लांबच्या आवाजात जागा ऐकू येते, भिंती ऐकू येतात. हा आवाज मोठ्या खोल जागेतून येत होता. माझ्या गोधड्यांच्या कोपऱ्यात तेवढी जागाच नाही. मला त्या उकाड्यात थंडी वाजायला लागली, आणि तरी मी पुढची फेरी घेतली. काय करणार, हाताला सवय. कॉपी, उलटी, प्ले.

“आलो.” थोडा जवळ.

त्याच्या पुढची. अजून जवळ. मधल्या एका फेरीत भिंतींचा घुमारा गेला. त्याच्या पुढच्या काहींत आवाज खोलीत होता, याच खोलीत. मला माझी खोली आवाजावरून ओळखता येते. आणि शेवटच्या फेरीत... माइकच्या अगदी तोंडाशी आलं की आवाजाला एक जाडी येते, छातीतला खर्ज येतो, ओठ उघडल्याचा चिकट आवाज येतो. तो आला. मग “आलो”. अगदी हळू, कानात सांगावं तसं.

मी वर सांगितलंय, आक्काचं तोंड माइकपासून एक वीत होतं. म्हणजे जो कोण बोलत होता, तो त्या वितीत होता.

तेवढ्यात आतून आक्का म्हणाली, “झालं का रं बाळू? गुदमरायला व्हतंय इथं.”

ती अजून आत होती. आणि माइक चालू होता. मी स्क्रीनकडं बघितलं. लेव्हलची हिरवी पट्टी खालीवर होत होती, श्वास घेतल्यावर होते तशी. मी स्वतःला म्हटलं, आक्का श्वास घेतेय, गाढवा. तरी तोंडून निघून गेलं, “आक्का, जरा श्वास रोखून धर.”

“का रं?”

“धर तर.”

तिनं धरला. गोधडीच्या फटीतून मला तिचा खांदा दिसत होता, अगदी स्थिर. पट्टी खालीवर होतच राहिली. सावकाश, एका लयीत. हेडफोन मी काढून टेबलावर टाकले होते, त्यातून मला ते ऐकूही येत होतं.

मी गोधडी बाजूला सारली आणि आक्काला दंडाला धरून बाहेर काढलं. माझा अवतार बघूनच ती समजली असेल. “काय झालं? काय झालं?” करत राहिली. मला खोटं सुचेना. मी म्हटलं, माइक बिघडलाय.

“बाळू, माझ्याकडं बघ,” ती म्हणाली. “काय ऐकलंस?”

मी नको नको म्हणत असताना तिनंच हेडफोन उचलले. मी शेवटची फेरी लावली. आजही वाटतं, लावायला नको होती. ऐकताना तिचा हात आपोआप गळ्याकडं गेला. दोन्ही हात. जणू गळा झाकायचाय.

“ते हायती,” ती म्हणाली.

मग ती हळूच म्हणाली, “त्या वळीला माझा गळा गाठीनं न्हाई बसला, बाळू. भ्यानं बसला. तोंडानं या म्हनत व्हते आन् मनात म्हनत व्हते, नगा येऊ. तू म्हन म्हन म्हनलास, म्हनलं एवढी देवं बोलावली हायती, काय व्हनार न्हाई.”

रेखा चहा घेऊन वर आली होती, तिनं निम्मं ऐकलं. ती घाबरून म्हणाली, “अहो, पुसून टाका ना ते सगळं! आधी डिलीट करा.”

“आगं, त्यानं काय व्हतंय?” आक्का म्हणाली. “आवाज पुसशील. मानूस कसं पुसशील? म्या हळदीला बोलावलंय त्यांना. माझ्या सोनूच्या हळदीला.”

हे तिनं म्हटलं तेव्हा मला खरी भीती वाटली. तोवर जे होतं तो नुसता हादरा होता. सोनूला लहानपणी दाजी आले की माळ्यावर लपायची सवय होती. ती पोर लग्नाच्या खरेदीत हसतखेळत होती, आणि आम्ही इथं दुपारभर, एकदा नाही, पुन्हा पुन्हा, ते आवतण दिलं होतं.

आक्कानं पदर खोचला. “मागलं गानं घेतलं न्हाई आपन. ती पाठवणी. चालू कर तुझा डबा.”

“आक्का, आत नको जाऊस. इथं बाहेर म्हण.”

“जिथनं बोलावलं तिथनंच धाडायचं.”

ती गोधडीच्या आत गेली. मी माइक बंद करणार होतो. पण ती म्हणाली चालू कर, म्हणून तो चालूच ठेवला आणि रेकॉर्ड दाबलं. रेखा माझा शर्ट मागून मुठीत धरून उभी होती.

आक्कानं पाठवणी सुरू केली. आवाज फाटलेला, मधे मधे नुसती हवा. लेण्याद्रीच्या गणपतीला हात जोडून धाडलं. भैरवनाथाला धाडलं. आजोबा, आजी, चुलते... त्याच क्रमानं. आणि मधेच लाइट गेली. खोली अंधुक झाली, कॉम्प्युटरखालचा यूपीएस टीं टीं करायला लागला. तो जुना होता, चार मिनिटं धरेल की चाळीस सेकंद, काही भरवसा नव्हता. मी ओरडलो, “आक्का, लवकर!” ती थांबली नाही, घाईही केली नाही.

मग सोनूच्या बापाची ओळ आली. ती गप्प झाली. मला वाटलं गळा गेला. स्क्रीनवर हिरवी पट्टी खालीवर होत होती आणि या वेळी मला माहीत होतं की तो श्वास तिचा नाही, कारण आक्का श्वास घ्यायला विसरली होती. फटीतून तिचं तोंड दिसत होतं. ती माइककडं बघत नव्हती. माइकच्या अलीकडं, त्या वितीत बघत होती.

आणि ती गायली नाही. बोलली. उभ्या जन्मात जे नाव तिनं तोंडातून काढलं नव्हतं, ते काढलं.

“रामदास,” ती म्हणाली. “जा. पोरीच्या हळदीला यायाचं न्हाई. माझ्या दारात यायाचं न्हाई. म्या बोलावलं, मीच सांगते. जा तू.”

अहो नाही, जाहो नाही. आयुष्यात पहिल्यांदा तू.

यूपीएस बंद पडायच्या आत मी कसंबसं सेव्ह केलं. का केलं ते विचारू नका, हातानं केलं. नंतर स्क्रीन काळी झाली. खोलीत खालच्या ट्रकच्या हॉर्नशिवाय काही आवाज नव्हता. आक्का बाहेर आली, चहा गार झाला होता तो तसाच पिऊन टाकला, आणि म्हणाली, “मला स्टँडवर सोड, जीप चुकंल.”

ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, पण आवाज काही परत आला नाही. आता ती कुजबुजल्यासारखं बोलते. सोनूच्या हळदीला आण्याला आमचेच स्पीकर होते, पण मी सीडी वाजवली नाही, आणि आक्कानंही विचारली नाही. गल्लीतल्या बायकांनी मिळून गायलं, बेसूर, एकमेकींच्या पुढंमागं. आवतणात सोनूच्या बापाची ओळ आली तेव्हा आक्कानं हात वर करून थांबवलं आणि आवतण तिथंच संपवायला सांगितलं. मी पूर्ण वेळ मिक्सरपाशी उभा होतो, घामानं भिजून, प्रत्येक चॅनेलचा दिवा बघत. काही झालं नाही. सोनू आता दोन मुलांची आई आहे, सुखात आहे.

पुण्याचा तो सॉफ्टवेअरवाला मित्र एकदा आला होता. त्याला मी लूपच्या फेऱ्या ऐकवल्या, त्यानं स्वतःच्या लॅपटॉपवर स्वतःच्या हातानं कॉपी करून, उलटी करून बघितली. दोन फेऱ्या ऐकून त्यानं हेडफोन काढले. म्हणाला, हार्ड डिस्क गेली असेल. मी विचारलं, हार्ड डिस्क गेल्यावर आवाज जवळ जवळ येतो का? तो म्हणाला, जेवायचं काय केलंय वहिनींनी. नंतर त्यानं हा विषय कधी काढला नाही. तुमच्यापैकी कुणाला याचं तांत्रिक कारण माहीत असेल तर खरंच सांगा, मी उपकार मानीन. चेष्टा केली तरी चालेल, कारण सापडलं पाहिजे.

आक्का बाजाराला आली की घरी येते. रेखाशी बोलते, नातवंडांचे फोटो दाखवते. निघताना जिन्यापाशी थांबते, वरच्या खोलीकडं बघत नाही, आणि तिच्या त्या उरलेल्या आवाजात मला विचारते, “गेले ना रं ते?”

मी म्हणतो, “गेले, आक्का.”

पाठवणीची फाइल माझ्याकडं आहे. कॉपी करायची, उलटी करायची, प्ले दाबायचं, एवढंच काम आहे. मी अजून केलेलं नाही.